टेबल गोल झालं, पण लहान

मंडळी, सकाळपासून कशातच मन लागत नाही, म्हणून इथे लिहितोय.

गेल्या महिन्यात माझा दादा गेला. जेवणाच्या गोल टेबलासाठी त्याने आणलेला प्लाय तसाच पडून होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एकतर टेबल करा, नाहीतर भंगारवाल्याला द्या. तुमच्या दादासारखं 'उद्या बघू' नको." काल जिगसॉ, म्हणजे लाकूड कापायची मशीन घेऊन कात्रपला त्यांच्या घरी गेलो.

प्लायच्या मध्यभागी खिळा ठोकला, त्यात पट्टी अडकवली आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाला मशीन बसवली. खिळा पात्याच्या दातांशी बरोबर काटकोनात यायला हवा. माझा जरा पुढे गेला आणि घाईत मी तपासलं नाही. पातं आत सरकत गेलं. पूर्ण फिरून आल्यावर काप जिथून सुरू केला तिथे जुळलाच नाही.

पट्टी नीट बसवून आतून लहान गोल कापला. तो अचूक जुळला, पण त्याच्याभोवती चार खुर्च्या मावेनात.

"बिघडवलं मी, वहिनी."

त्यांनी चौथी खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली. "दोन पोरं आणि मी. पुरतंय की."

नवीन प्लाय आणून मोठं टेबल करून देऊ, की हेच राहू देऊ? तुम्ही काय केलं असतं?