तीन वर्षांनंतरचा अंगठा

पगाराच्या दिवशी, कंपनीच्या गेटसमोर, शेठने माझ्या बापाच्या मुस्काटात मारली. पहिली शिफ्ट सुटत होती. सगळे बघत होते. बापाची टोपी गटारात पडली. ती उचलायला तो वाकला, तर शेठच्या माणसाने कमरेत लाथ घातली.

मी बी.कॉम.चा निकाल सांगायला गेटवर आले होते.

शेठचं पिंपरीत शिलाई मशीनचं दुकान. आईसाठी बापाने मशीन उधारीवर घेतली, कागदावर अंगठा दिला. हप्ता दर पगाराला गेटवरच भरायचा. पावती मागितली की शेठ म्हणायचा, "घरातली माणसं तुम्ही, पावती कशाला?" किमतीच्या दुप्पट भरूनही उधारी फिटेना. दर तिसऱ्या दसऱ्याला तो उधारीच्या नव्या कागदावर गिऱ्हाइकांचे अंगठे घ्यायचा, वर हातावर पेढा ठेवायचा. गेल्या दसऱ्याला अंगठ्याची पाळी होती, पण कंपनीत टाळेबंदी होती. गेटवर कुणीच नव्हतं. बापाचा अंगठा राहिला.

तोच घ्यायला शेठ आला होता.

"लाव अंगठा. न्हाईतर कोर्टात खेचतो."

त्याच्या माणसाने बापाचा अंगठा शाईवर दाबून पिरगाळला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"लावतो शेठ, मारू नका," बाप म्हणाला. "घेतलंय तर देणं हाय."

कॉलेजातल्या ज्या सरांनी माझी फी भरली, त्यांनीच शिकवलं होतं: उधारीचा दावा तीन वर्षांत लावायचा. मुदत वाढते ती देणाऱ्याच्या सहीने, अंगठ्याने. आमचे हप्ते गिळता यावेत म्हणून शेठने त्यांचं काहीच लिहून घेतलं नव्हतं, त्यामुळे हप्त्यांनीही मुदत वाढली नव्हती. मागच्या अंगठ्याला तीन वर्षं कधीच उलटली होती. नव्या कागदावर अंगठा लागला तरच मेलेली उधारी पुन्हा जिवंत होणार होती, म्हणून हा अंगठा हवा होता.

मी त्या माणसाच्या मनगटाला चावले. रक्त तोंडात येईपर्यंत सोडलं नाही. शेठच्या हातातला कागद ओढला, फाडला.

"मुदत संपली शेठ. कर दावा."

"दोन बुकं शिकली अन् मला कायदा सांगती? माज आलाय तुमच्या वस्तीला!"

त्याने कानाखाली मारली. कान फुटला. मी त्याची कॉलर धरली, ती सोडली नाही.

गर्दीतून एकजण पुढे आला. "ताई, माझीबी तीन वर्सं झाली का, बघ की."

शेठ तेव्हा पहिल्यांदा मागे सरकला.

बापाचा अंगठा वाकडाच राहिला. देऊन टाकू, असं तो अजून म्हणतो. मी देऊ देत नाही. दर पगाराला मी गेटवर उभी असते. शेठचा प्रत्येक कागद आधी मी वाचते, मोठ्याने. मुदत संपलेल्या कागदावर कुणाचा अंगठा लागू देणार नाही. आणि आता कुणावर हात उचललास शेठ, तर तो हात मी शाबूत ठेवणार नाही.