बाळाच्या नावावर ओढलेली बिडी

तुम्हाला सांगतोय खरं — पण जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला अजून सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, सुमनला. सात वर्षं झाली. रोज तिच्या हातचं जेवतो, आणि हे मात्र घशाखाली दाबून ठेवतो.

ब्याऐंशी साल असेल. मांडवीत आमची मासेमारीची होडी होती. खोकल्यातून रक्त पडलं म्हणून मला मुंबईला नेलं, तर फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. बारीक पेशींचा. डॉक्टर म्हणाले, हा भराभर पसरतो, पण औषधाने विरघळतोही लवकर. मग दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध, छातीला शेक, डोक्याला शेक. केस गेले, भुवया गेल्या. मासळीच्या वासाने ओकारी यायची — मांडवीत राहून! सुमनने घरात मासळी शिजवणंच सोडलं. चमच्या-चमच्याने पेज भरवायची.

आणि बाळा — तिचा धाकटा भाऊ. चार घरं सोडून, समुद्राच्या अंगाला राहतो. माझी होडी त्यानेच चालवली, माझ्या पोरांच्या तोंडात घास त्यानेच घातला. तोही माझ्यासारखाच बिडीबाज. पण माझा रोग कळला त्या दिवशी त्याने बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि बिड्यांचं बंडल धक्क्यावरून पाण्यात फेकलं. शपथ मीही घेतली होती.

माणूस दुःखात चुकतो म्हणतात. मी कशात चुकलो, ठाऊक आहे? आनंदात. शेवटचं सलाईन होऊन चार महिने झाले होते. फोटोत छाती साफ आली होती, डोक्यावर कोवळे केस उगवले होते. भूक परतली — आणि भुकेबरोबर ती मेली तलफही. एका दुपारी खलाशाकडून बिडी मागून घेतली आणि परसातल्या चिऱ्यांच्या गडग्याआड बसून ओढली. खोकत खोकत, पण शेवटपर्यंत.

घरात आलो, तर सुमनने माझ्या शालीचा वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. जिने माझ्या ओकाऱ्या ओंजळीत झेलल्या, तिला काय सांगणार होतो? म्हणालो, "बाळा ओढत होता. माझ्याशेजारी बसून."

त्याचंच नाव का? तोंडाशी आलं म्हणून. दुसरं काय कारण असणार!

तासाभराने बाळा आला, माझ्यासाठी शहाळं घेऊन. सुमनने त्याला उंबऱ्यातच अडवलं.

"माज्या डोक्यावरची शपथ मोडलीस? माज्या कुकवावर उटलास? परत या दारात येव नको. मी मेली तुला!"

बाळाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्याला सगळं समजलं — आणि ते मलाही समजलं. एक शब्द बोलला असता, तर मी उघडा पडलो असतो. तो बोलला नाही. शहाळं पायरीवर ठेवलं आणि गेला.

ते शहाळं मी प्यालो.

या रोगातून फार थोडे वाचतात म्हणे. मी वाचलो. सुमन येईल त्याला कौतुकाने सांगते, यांनी बिडी सोडली ती सोडलीच. त्या दुपारनंतर पुन्हा ओढली नाही, हे खरं — पण त्याने काय होतं? धक्क्यावर बाळा भेटतो. "बरं हाय ना, भावोजी?" एवढंच विचारतो. मी मान हलवतो. आज सांगू म्हणून घरी येतो, आणि जेवून झोपतो. लाज वाटते, पण लाजेने तोंड उघडत नाही माझं.

भाऊ नसलेल्या बाया भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. सुमनही तेव्हापासून चंद्रालाच ओवाळते. यंदा पश्चिमेला ढग होते. सूर्य बुडाल्यावर ती कोर थोडाच वेळ दिसते, म्हणून तबक घेऊन ती अंगणात ताटकळत उभी होती. मी शेजारी. समोर, चार घरांपलीकडे, बाळाच्या ओट्यावर दिवा लागला होता. नवा सदरा घालून तो तिथे बसलेला दिसत होता.

"दिसला काय हो?" आभाळाकडे बघत तिने विचारलं.

"नाय अजून," मी म्हणालो.