दुधाच्या खाड्यांशेजारच्या फुल्या

आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडायची पद्धत होती. दूधवाला आला नाही त्या तारखेला मी शाईने गोल करायचो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला, एका महिन्यात, त्या गोलांशेजारी मी पेन्सिलीने फुल्याही मारल्या. त्या माझ्या मुलीच्या पोटदुखीच्या होत्या.

ती तेव्हा सहावीत होती. तीर्थपुरीहून माझी बदली जालन्याला झाली आणि नव्या शाळेत तिचं गणित मागे पडलं. म्हणून शेजारच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांकडे शिकवणी लावली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी पाच ते सहा. मास्तर हळू बोलणारे, पोरींना ‘बेटा’ म्हणणारे. सात मुली यायच्या.

दुसऱ्या महिन्यात तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मी फुल्या मारायला लागलो. महिन्यात शिकवणीचे वार तेरा आले, त्यांपैकी नऊ दिवस पोट दुखलं. बाकीच्या दिवशी एकदाही नाही. त्या नवांपैकी चार वेळा तिला घरी ठेवलं, पाच वेळा पाठवलंच.

महिना संपल्यावर मी कॅलेंडर खाली काढून तिच्यापुढे ठेवलं. गावाकडून माझा भाऊ आला होता, त्याच्यादेखत विचारलं, “पोट वार बघून दुखतं का गं तुझं?” भाऊ हसला. मीही हसलो. ती कॅलेंडरकडे बघत उभी राहिली. मग दप्तर उचललं आणि शिकवणीला गेली. बायको म्हणाली, “इतकं मोजता, तर एकदा इचारा ना तिला.” मी म्हणालो, आकडे स्पष्ट आहेत, विचारायचं काय त्यात.

कालव्याच्या पाण्याची रोजची पातळी नोंदवणं ही माझी नोकरी. आकडा विचित्र आला तर जागेवर जाऊन बघायचं, हा त्या कामाचा पहिला नियम. बावीस वर्षं मी तो पाळला. घरचा आकडा विचित्र आला तेव्हा जागा दोनशे पावलांवर होती. मी गेलो नाही.

पुढच्या महिन्यात एकही फुली नव्हती. ते मी माझं यश मानलं.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी मी पेपर वाचत बसलो होतो. ती समोर येऊन उभी राहिली. मागच्या घरातली, पाचवीतली एक मुलगी आठवड्यापूर्वी त्याच शिकवणीला लागली होती. माझी मुलगी म्हणाली, “पप्पा, तिच्या घरी सांगा, तिला न्हाई पाठवू.”

“का?”

“मला जिथं बसवायचे, तिथंच आता तिला बसवून राह्यलेत. आतल्या खोलीत. दार लावून.”

स्वतःसाठी तिने काहीच मागितलं नव्हतं. बाकीचं तिने आईला सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

आमची शिकवणी त्याच दिवशी बंद झाली. मी मास्तरांकडे गेलो आणि म्हणालो, आता घरीच अभ्यास करील. त्यांनी चहा विचारला. मी तो घेतला, आभारही मानले. मागच्या घरी मात्र गेलो नाही. तिथे सांगायचं तर आपल्याला कसं कळलं तेही सांगावं लागणार, मग मुलीचं नाव गल्लीभर होणार, असा माझा हिशोब. बायकोही सुरुवातीला हो म्हणाली.

मुलगी रोज संध्याकाळी विचारायची, “सांगितलं का?” मी म्हणायचो, सांगतो. ऑफिसातून येताना वाटेत मास्तरांचं दार लागायचं. पायरीवर चपला असायच्या. मी मोजायचो. सात जोड, त्यात सगळ्यांत लहान जोड निळ्या पट्ट्यांचा. पाच वेळा मोजल्या, पाचही वेळा तो होता.

अकराव्या दिवशी, गुरुवारी, तिने विचारलं नाही. आईचा हात धरला आणि म्हणाली, “तू चल.” दोघी मागच्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी पायरीवर एकही चप्पल नव्हती. आठवड्यात मास्तर घर बंद करून भावाकडे निघून गेले. पोलिसात कोणी गेलं नाही. मीही नाही.

त्याच शुक्रवारी त्या मुलीचे वडील आमच्याकडे आले. माझ्याच वयाचे, अडत दुकानात काम करणारे. बराच वेळ बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. मग विचारलं, “भाऊ, तुम्हाला कधी कळालं?”

“कालच,” मी म्हणालो.

त्यांनी माझे हात धरले. तुमच्या पोरीचे उपकार झाले, म्हणाले. माझी मुलगी आतल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि आत गेली.

ती आता औरंगाबादला कॉलेजात शिकवते. हे लिहू का, असं तिला विचारलं होतं. ती म्हणाली, “लिहा. पण आकडा बराबर लिहा.”

अकरा दिवस. त्यांत शिकवणी पाच वेळा भरली.