पाठीवरचे हात

सासरे जर्मनीत आखनला आमच्याकडे आले आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या योगवर्गाला नावं ठेवली. ते निवृत्त पीटी शिक्षक. त्यांच्या शाळेत पश्चिमोत्तानासन म्हणजे कपाळ गुडघ्याला, आणि टेकत नसेल तर पाठीवर सरांचा भार. माझ्याकडे लोक घडी घातलेल्या ब्लँकेटवर बसतात, गुडघे सैल ठेवतात. पाठ गोल करायची नाही, खुब्यातून पुढे यायचं आणि ओढ बसेल तिथे थांबायचं. जेवताना मी हे समजावलं, तर म्हणाले, असले लाड करायला शिक्षक कशाला हवा?

नवऱ्याच्या आग्रहाखातर मी त्यांना वर्गाला नेलं. फक्त बघायचं, असं ठरलं होतं.

वर्गात साठीच्या एक बाई आहेत. आयुष्यभर बस चालवून त्यांच्या कमरेतली चकती सरकली आहे. हात नडगीपर्यंतच पोचतात, आणि तेवढं पुरे, असं मी त्यांना दर वेळी सांगते. त्या दिवशी मी दुसऱ्या कुणाच्या तळपायांना पट्टा लावत होते. वळून पाहिलं तर सासरे बाईंच्या मागे उभे, दोन्ही तळवे त्यांच्या पाठीवर रेटलेले. बाईंचा श्वास अडकला होता.

"बाबा, हात काढा."

"चारच बोटं राहिलीत," ते म्हणाले आणि आणखी दाबलं.

मी त्यांचं मनगट धरून हात बाजूला केला. "बाहेर व्हा. आत्ताच्या आत्ता."

मराठी शब्द कुणाला कळले नाहीत, सूर सगळ्यांना कळला. बाईंना मी आडवं केलं, गुडघ्यांखाली उशी दिली, माफी मागितली. त्या छताकडे बघत म्हणाल्या, न विचारता मला कुणी हात लावायचा नाही.

परतताना बसमध्ये सासरे एकच वाक्य बोलले, चारचौघांत सुनेनं हात धरला. घरी नवरा म्हणाला, जरा हळू सांगता आलं असतं. मी म्हटलं, मग बाईंना तूच जाऊन सांग. पुढचे दिवस सासरे फोनवर माझ्याविषयी मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत राहिले. मग नवरा त्यांना विमानतळावर सोडून आला, मी गेले नाही.

बरेच दिवस अंथरुणावर काढून बाई परत आल्या. दारातूनच विचारलं, तो माणूस आत आहे का?

गेला, मी म्हणाले. मराठीत 'गेले' म्हणावं लागलं असतं. जर्मनमध्ये ती अडचण नव्हती, आणि मला बरं वाटलं.

बाईंनी मॅट उचलली आणि भिंतीला पाठ लावून बसल्या.