धुवायला काढलेला रोल

मुरुमच्या बाजारपेठेत शंभुलिंग चनशेट्टींचा, म्हणजे अण्णांचा, फोटो स्टुडिओ चालत होता तेव्हा अर्धं गाव त्यांच्यापुढं श्वास रोखून बसलेलं आहे. "हलू नका. हनवटी खाली. हसायचं न्हाय, सरकारी फोटू हाय." आता सरकारी फोटो मोबाइलवर निघतो, आणि त्याच स्टुडिओत अण्णांचा मुलगा रुद्रेश मोबाइलची कव्हरं विकतो. अंधारखोलीत इन्व्हर्टर आला, मागोमाग ज्वारीची पोती आली. लाल दिवा तेवढा खुंटीला राहिला, तोही बंद.

अण्णांनी मात्र आपला रोलचा कॅमेरा सोडला नाही. त्यात माणसं घ्यायचं सोडलं. "माणसं लई बघितली. भिंती बऱ्या, डोळं मिटत न्हाईत," असं म्हणून ते गावातल्या भिंतींचे फोटो काढत फिरायचे.

आणि मुरुममध्ये भिंत म्हटलं की हणमंतप्पा पेंटर. पाण्याच्या मोटारीच्या जाहिरातीत त्यांनी असा निळा लोट काढला होता की एप्रिलमध्ये म्हशी त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहात. पेंडीच्या जाहिरातीतला बैल हसायचा, आणि हसताना त्याचं तोंड थेट पेंडवाल्या मालकांवर जायचं. मालकांनी तक्रार केली तेव्हा हणमंतप्पा म्हणाले, "मग तुमी हसायचं थांबवा. बैल आता वाळलाय." चित्राच्या कोपऱ्यात सही असायचीच. एका शिंप्याच्या पाटीवर तर सही दुकानाच्या नावाहून मोठी झाली होती, आणि लोक कपडे शिवायला पेंटरकडं जात होते.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. बाजारातल्या बहुतेक भिंती रस्त्यात येत होत्या. उरलेल्यांवर फ्लेक्स चढले. हणमंतप्पांच्या ब्रशला काम राहिलं नाही आणि हातालाही थोडा कंप आला, तेव्हा कलबुर्गीची लेक म्हणाली, "अप्पा, आता इकडंच या." सोमवारी जायचं ठरलं. गंमत अशी, की जन्मभर गाव रंगवलेल्या या माणसाकडं आपल्या एकाही भिंतीचा फोटो नव्हता. "रोज दिसतंय त्याचा फोटू कशाला काढायचा?" असं त्यांचं म्हणणं होतं, आणि भिंती होत्या तोवर ते बरोबरच होतं.

अण्णांनी ठरवलं, दोस्ताला मोकळ्या हातानं जाऊ द्यायचं नाही. भिंती पाडायच्या आदल्या दिवशी ते कॅमेरा घेऊन सकाळपासून हिंडले आणि एक अख्खा रोल संपवला. दुसऱ्या दिवशी भिंती गेल्या. बैल सगळ्यात शेवटी पडला, हसतच.

मग त्यांनी वही करायला घेतली. विकतची नाही. लग्नाच्या जुन्या अल्बमांचे पुठ्ठे कापले, जाड कागदाच्या घड्या घातल्या, दाभणानं भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवल्या. कणकेची खळ शिजवली. वरून कापड म्हणून बायकोच्या ट्रंकेतला खण लावला. शिवकांता वहिनींच्या ते संध्याकाळी लक्षात आलं.

"माझ्या झंपराचं कापड पेंटरला नेसवलं म्हना की."

"चांगलं दिसतंय की."

"मला बी दिसलं असतं चांगलं."

प्रत्येक पानावर फोटोची जागा मोकळी सोडून अण्णांनी खाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, भिंत कुणाची, निळा कुठला, काम चालू असताना डब्यात कुणाचं शेरडू पडलं. वही तयार झाली. घर बांधून झालं, राहणारे तेवढे यायचे होते, आणि ते सगळे त्या एका रोलमध्ये होते.

इथं धंद्यातला एक शब्द सांगायला हवा. रोलवरचं चित्र औषधात घालून बाहेर काढायचं, त्याला फोटोवाले रोल 'धुणे' म्हणतात. अण्णांनी उभ्या आयुष्यात दुसरा शब्द वापरला नाही. शनिवारी सकाळी केस कापायला जाताना त्यांनी प्लॅस्टिकच्या डबीतला तो रोल खिडकीत ठेवला आणि सुनेला सांगितलं, "शिवांजली, ह्यो रोल धुवायचाय. सोलापूरला न्यायचाय मला, हात लावू नको."

शिवांजली लग्न होऊन दिवाळीतच आलेली. ती मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी करत होती. पहिलं वाक्य तिला ऐकू आलं. दुसरं मिक्सरनं खाल्लं.

अण्णा परतले तेव्हा ती दारातच उभी होती, काम आटोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यानं.

"मामा, धुतला."

"काय धुतला?"

"तुमचा रोल. लई धूळ व्हती. साबणाच्या पाण्यात भिजवला, मग ब्रशनं घासला."

अण्णांचा राग कन्नडमध्ये असतो. प्रेम, जेवण आणि राजकारण मराठीत, पण रागाला ते आईच्या भाषेत जातात. "एन माडिदी?" एवढंच ते म्हणाले, म्हणजे काय करून बसलीस, आणि भिंतीला धरून उभे राहिले. भाषा बदललेली ऐकून वहिनी आतून धावत आल्या.

शिवांजलीचं तोंड उतरलं. "आतून बी साफ करावं म्हनून टोक हुडकलं, मामा. पर गावलंच न्हाय."

अण्णांनी मान वर केली. पुढचे प्रश्नही कन्नडमध्येच आले. "गावलं न्हाय? नक्की?"

"न्हाय. ओढून काढनार व्हते."

फिल्मचं ते टोक अण्णांनीच सवयीनं पार आत गुंडाळलेलं होतं. ते बाहेर राहिलं असतं आणि पोरीनं फिल्म उजेडात ओढली असती, तर हणमंतप्पांचं सगळं आयुष्य दारातल्या उन्हात जळून गेलं असतं. आता फक्त भिजलं होतं.

"वाळवला का?"

"आत्ताच ठेवला. पापडांजवळ."

अण्णा गच्चीवर गेले ते पळतच. गुडघ्यांनी वर पोहोचल्यावर तक्रार केली. रोलातून अजून पाणी ठिबकत होतं. भिजलेली फिल्म गुंडाळलेली असतानाच वाळली की थरावर थर चिकटतो, मग ब्रह्मदेवालाही उलगडत नाही. ओली आहे तोवर आशा. अण्णांनी रोल परत डबीत टाकला, डबी पाण्यानं काठोकाठ भरली, झाकण दाबलं आणि चप्पल शोधू लागले.

"मी बी येते," शिवांजली म्हणाली.

"तू कशाला?"

"धुतला मी. डबी मीच धरते."

सोलापूरच्या एसटीत ती डबी दोन्ही हातांत उभी धरून बसली. झाकणातून जरा पाणी पाझरायचं, म्हणून वर अंगठा. नळदुर्गला तुळजापूरहून आलेली काही मंडळी चढली. त्यातल्या एक मळवट भरलेल्या आजीबाई शेजारी टेकल्या आणि डबीकडं बघून हात जोडत्या झाल्या.

"तीर्थ हाय का, बाई?"

शिवांजलीनं सासऱ्याकडं पाहिलं. सासऱ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिला खोटं बोलवेना आणि खरं समजावून सांगता येईना.

"सांडायचं न्हाय ते, आजी. सांडलं तर सगळं जाईल."

आजींना एवढं पुरलं. "सरका रं तिकडं," त्या गर्दीला म्हणाल्या, "पोरीचा नवस हाय." सोलापूर येईपर्यंत त्यांनी आपल्या कोपराचं कुंपण करून ठेवलं. एकदा गाडीनं गचका खाल्ला तर ड्रायव्हरच्या सात पिढ्या निघाल्या. अण्णांना हसू आलं, पण सकाळपासून ते रागाच्या भाषेत होते, त्यामुळं कुठल्या भाषेत हसावं ते त्यांना सुचेना.

सोलापुरात त्यांचे जुने धंदेबंधू अमरनाथ राहतात. त्यांनी घरातल्या न्हाणीघराची अजून अंधारखोली ठेवली आहे, त्यामुळं त्यांच्या घरची मंडळी अंघोळ त्यांच्या सवडीनं करतात. अमरनाथांनी डबी हातात घेतली, हलवून बघितली आणि दार लावून घेतलं.

बाहेर बाकावर दोघं बसून राहिले.

"मामा, न्हाई निघालं तर?"

"न्हाई निघालं तर पेंटरला कोरी वही द्यायची. म्हनायचं, ह्या पांढऱ्या भिंती. रंगव."

म्हणताना ते मराठीत म्हणाले. शिवांजलीला ते कळलं आणि तिनं पहिल्यांदा पाठ टेकवली.

दार उघडलं. अमरनाथांच्या हातात ओली पट्टी लोंबत होती. त्यांनी ती दिव्यापुढं धरली.

"अण्णा, ह्येला साबण कुनी लावला?"

"ते नंतर. हाय का काय?"

"बैल हाय. हसतोय बी."

अण्णा बसलेलेच होते, तरी पुन्हा बसले. जागोजाग बुडबुड्यांचे ठिपके उमटले होते, एका कडेला ओघळ आला होता, पण भिंती उभ्या होत्या, अक्षरं वाचता येत होती, सह्या तर लखलखीत. शिवांजलीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मामा, आता काय तरी खाऊ या. सकाळपासून म्या चटणी बी चाखली न्हाय."

फोटो छापून, चिकटवून रविवारी संध्याकाळी वही हणमंतप्पांच्या मांडीवर गेली. त्यांनी चष्मा पुसला, पानं सावकाश उलटली. अण्णा अस्वस्थ. पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर पेंटर थांबले.

"शंभू, 'गिरणी'तला 'गि' दीर्घ काढलाय म्या."

"व्हय."

"आनि इतकी वर्सं कुनी बोललं न्हाय?"

"आमाला वाटलं, मोठी गिरणी हाय म्हनून मोठी वेलांटी."

हणमंतप्पा बराच वेळ पोट हलवून हसले. मग फोटोतल्या पांढऱ्या ठिपक्यांवर बोट ठेवून म्हणाले, "हे काय? गारा पडल्या व्हत्या का त्या दिवशी?"

अण्णा घसा खाकरू लागले. चहा घेऊन उभी असलेली शिवांजलीच पुढं झाली.

"माझ्याकडनं झालं, काका. रोल धुवायचा म्हनले, म्या साबनानं धुतला."

हणमंतप्पांनी तिच्याकडं बघितलं, कप घेतला, एक घोट प्याले.

"बरं केलंस. भिंत बी रंगवायच्या आदी धुवावीच लागती. न्हाईतर रंग धरत न्हाय," ते म्हणाले, आणि पुढचं पान उलटायला त्यांनी तिलाच शेजारी बसवून घेतलं.