बाकावरच्या पिशव्या

आमच्या थोरल्या जाऊबाईंकडे चर्चची किल्ली असते. वीतभर लांब, लोखंडी. कमरेला खोचली की चालताना मांडीवर आपटते. आधी ती त्यांचे यजमान सांभाळायचे. ते गेले आणि किल्ली जाऊबाईंकडे आली. चर्च आमच्या दारासमोरच, मध्ये फक्त रस्ता.

जुनी चर्च बघायला हल्ली बस भरून माणसं येतात. आमच्याकडे पोचेपर्यंत त्यांची दोन-तीन चर्च बघून झालेली असतात, पाय बोलत असतात, आणि कुठलं कुठे पाहिलं याचा घोळ झालेला असतो. जाऊबाई मोठा दरवाजा उघडतच नाहीत. त्यातल्या छोट्या दारातून एकेकाला आत घेतात.

"मान खाली. वर बघायचं नाही अजून," असा हुकूम.

दाराशी डोक्यावर गाणाऱ्यांचा लाकडी सज्जा आहे, त्यामुळे तिथे बुटकं आणि अंधारं. तिथून पुढे नेऊन एका फुटक्या फरशीपाशी सगळ्यांना उभं करतात आणि म्हणतात, "हं, आता बघा." वर कमानींमागून कमानी, आणि छत इतकं उंच की अखंड बडबडणारी माणसंही गप्प होतात.

सज्ज्यावर जायचा दगडी जिना गोल आणि अरुंद. पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झाल्यात. पिशव्या घासून भिंतीचा गिलावा पडतो, म्हणून त्या दाराजवळच्या बाकावर ठेवायच्या. जाऊबाईंचे गुडघे गेल्यापासून त्या वर चढत नाहीत. बाक रिकामा झाला की चर्च रिकामं, असा त्यांचा हिशोब. कधी चुकला नव्हता.

त्या दिवशी चुकला. बस सुटायच्या वेळी एक बाई आमच्या दारात धापा टाकत आल्या.

"आमचे मिस्टर दिसले का हो?"

"आत कोणी नाही," जाऊबाई म्हणाल्या. "बाकावर एकही पिशवी नाही."

"पिशवी माझ्याकडे आहे. आमची दोघांची एकच. मी चहाला पुढे आले, ते वर बसले होते."

जाऊबाईंचा चेहरा उतरला. किल्ली घेऊन जमेल तेवढ्या लगबगीनं रस्ता ओलांडला, मी मागोमाग. दार उघडताच वरून आवाज आला, "सावकाश या, पायऱ्या झिजल्यात." मघाशी जाऊबाईंनीच त्यांना तसं बजावलं होतं. गृहस्थ मजेत होते. सज्ज्यातल्या बाकड्यावर आडवे होऊन त्यांनी झोप काढली होती. त्यांच्या बायकोनं मात्र फादरना गाठलं.

आमचे हे चर्चच्या कमिटीवर. रात्री जेवताना म्हणाले, "वहिनी, फादर म्हणतात, कुलूप लावण्याआधी किल्लीवाल्यानं वर जाऊन बघायचं. तुम्हाला जमत नसेल तर किल्ली ऑफिसात."

"हे फादर म्हणतात की तुम्ही?"

"मी सुचवलं, ते हो म्हणाले."

जाऊबाईंनी भाताचा घास तसाच ताटात ठेवला. किल्ली गेली तर त्या दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसतील आणि माझ्या फोडणीला नावं ठेवतील, हे मला लख्ख दिसलं. पण त्याहून, त्या सकाळी उठणार कशासाठी, हेच कळेना. मी यांना पायानं ढोसलं. हे आपले आमटी ओरपतायत.

मग जाऊबाई म्हणाल्या, "नियम बरोबर आहे. माणूस कोंडला गेला, माझीच चूक. पण भाऊजी, तुमचे गुडघे तर ठणठणीत आहेत ना?"

"म्हणजे?"

"किल्ली माझ्याकडे, चढणं तुमच्याकडे. कमिटीनं कमिटीचं काम करायला नको?"

मला हसू आवरेना. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ताक वाढलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हे कुरकुरत वर जातात. जाऊबाई खाली उभ्या राहून विचारतात, "गोल खिडकीचं ऊन कुठवर आलं?" रंगीत काचांतून पडणारं ते ऊन वरूनच अख्खं दिसतं, आणि कितीतरी वर्षांत त्या वर गेलेल्या नाहीत ना. आधी हे "आलंय कुठेतरी" म्हणायचे. मग "तिसऱ्या बाकापर्यंत" म्हणायला लागले. मग निळं किती आणि लाल किती, तेही.

परवा हे बराच वेळ उतरेनात. जाऊबाई म्हणाल्या, "भाऊजी, लावू का कुलूप?"

"थांबा हो वहिनी. ऊन वेदीला लागायचंय अजून."

मी दारातून हाका मारून दमले. शेवटी चहा परत उकळायला ठेवला.