हिल्डाबाईंचा पांढरा रुमाल

हिल्डाबाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं, कॅरननं, केला तेव्हा मी भाकऱ्या करत होते. फोन सुनेनं घेतला आणि मला सांगितलं. मी तव्यावरची भाकरी उलटली, मग खिडकी उघडली. बाहेर बर्फ वितळायला लागला होता. "आई, हीट जाते," असं सून रोज म्हणते. त्या दिवशी म्हणाली नाही.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात मी मुलाकडे मिशिगनला आले. तो मोटारीच्या कंपनीत इंजिनियर. गाव लहान, फार पूर्वी जर्मन लोकांनी वसवलेलं. शेजारच्या हिल्डाबाईही जर्मनीतून लग्न करून आलेल्या, आता एकट्या. मी नवीनच होते. एका सकाळी पाहिलं, तर त्यांच्या माडीच्या खिडक्या सताड उघड्या आणि आतून पांढरा लोट बाहेर येतोय. घरात मी एकटी. मला वाटलं, आग लागली. मुलाचे बूट चढवले, बादली भरली आणि बर्फातून निघाले. बाईंनी दार उघडलं, बादलीकडे पाहिलं, माझ्या लुगड्याकडे पाहिलं आणि हसता हसता खोकत खाली बसल्या. आग कसली... घरातली ऊब थंडीत बाहेर पडली की अशी वाफ दिसते. कितीही बर्फ पडो, बाई रोज सकाळी थोडा वेळ सगळं घर उघडं टाकत. "लुफ्ट," असं म्हणून त्यांनी छातीवर हात ठेवला. हवा. मग मला कॉफी मिळाली आणि बादलीतलं पाणी त्यांच्या कुंड्यांना.

मी मराठी चौथी शिकलेली. इंग्रजी येत नाही. बाईंचंही तुटकच. मध्ये माझी नात नेहा बसायची. तिचं ऐकून बाईही मला 'आजी' म्हणायच्या, वयानं माझ्याहून मोठ्या असून. मी तसं सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही.

त्यांचं जर्मनीतलं गाव दोन डोंगरांच्या मध्ये, नदीकाठी. उन्हाळ्यात तिथं कापलेल्या गवताचा वास. पण पानगळ सुरू झाली, घरोघर कोळसा पेटला, की धूर डोंगरांतून बाहेर जाईना. त्यात धुकं मिसळायचं आणि दोन्ही मिळून गावावर बसायचं. त्यांची आई सकाळी खिडकीबाहेर पांढरा रुमाल टांगायची. काजळी दिसली तर खिडक्या बंद, नाहीतर सगळ्या उघड्या. त्या हवेत त्यांचा धाकटा भाऊ दम्यानं गेला. इथंही बाई रुमाल टांगत. इथं काजळी नव्हती, पण लोक अंगणात पानं जाळत आणि वारा फिरला की बिटाच्या साखर कारखान्याचा वास येई. पहिल्यांदा आला तेव्हा मी म्हटलं, "ही तर मळी!" आमच्या गावाजवळ उसाचा कारखाना. नेहा नाक दाबून "ईव, आजी!" म्हणत आत पळाली. आम्ही पायरीवर बसून राहिलो. आमच्या कारखान्याचा वास जास्त वाईट, हे मी बाईंना कबूल करायला लावलं.

बाई स्वभावानं गोड नव्हत्या. माझ्या मुलानं हिवाळ्यासाठी खिडक्यांना प्लास्टिक चिकटवलं होतं, ते त्यांनी न विचारता फाडलं. आमच्याकडे आल्या की घरात कोंडलेला फोडणीचा वास त्यांना सोसत नव्हता, हे खरं कारण. मी बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

या हिवाळ्यात त्यांची छाती भरली. कॅरनची नोकरी दूर. तिनं त्यांना नर्सिंग होममध्ये, म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात तिथं, ठेवलं. चुकलं असं मी म्हणत नाही. खोली स्वच्छ होती, गरम होती. पण खिडकी उघडत नव्हती. बाई माझा हात धरून म्हणाल्या, "आजी, इथं नाही मरायचं. घरी. खिडकी." खिडकी उघडा म्हणून सांगायला मी नेहाला नर्सकडे पाठवलं. ती परत आली.

"आजी, इट्स द रूल."

"मग म्हणावं, त्या नियमालाच श्वास घ्यायला सांगा."

हे काही नेहानं तिला सांगितलं नाही.

बाईंच्या उशाखाली रुमाल होता. मी तो घेतला, बाहेर गेले आणि त्यांच्या खिडकीसमोरच्या झुडपाला बांधला. वारा होता. रुमाल फडफडायला लागला. बाई काचेपाशी आल्या आणि हातानंच विचारलं, कसा आहे? मी वाकून पाहिलं. पांढरा. तशी खूण केली. तेवढ्यात कॅरन गाडीतून उतरली. "व्हॉट इज शी डूइंग?" तिनं नेहाला विचारलं. नेहानं सांगितलं. कॅरन काचेआडच्या आईकडे बघत तशीच थंडीत उभी राहिली. लहानपणी तिनंही रोज सकाळी त्या उघड्या खिडक्यांवरून कटकट केली असणार...

मग तिनं रजा काढली आणि आईला घरी आणलं. बाई वाचल्या नाहीत. वाचणार नव्हत्याच. गेल्या तेव्हा खिडकी उघडी होती, असं कॅरन म्हणाली.

रुमाल झुडपालाच राहिला होता. नेहा जाऊन घेऊन आली. मी धुतला. आता तो आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर असतो. काल मला उठायला उशीर झाला. खाली आले तर घर गारठलेलं. सून कोट घालून ओट्याशी उभी, खिडकी सताड उघडी.

"करते हं बंद, आई," ती म्हणाली.

म्हटलं, राहू दे.